नदी झाडायचा दिवस

मागच्या दाराशी अप्पांनी सगळ्यांचे रबरी बूट भिंतीला लावून ओळीने मांडले होते. येणाऱ्यांचे मांडले होते आणि न येणाऱ्यांचेही. अप्पांच्या थोरल्या मुलाच्या पोरांचे इवलेसे बूट होते, ज्यांत आता त्या दोघांचा अंगठाही शिरला नसता. धाकट्याचे होते, आणि धाकट्याचा तर कालच फोन येऊन गेला होता की सुट्टी मिळत नाही, पुढच्या वर्षी नक्की. अगदी टोकाला अप्पांच्या बायकोचे हिरवे बूट, टाचेला ठिगळ लावलेले. ती जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नदी झाडायच्या दिवशी तिचे बूट बाहेर निघायचेच. अप्पांच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे पोरांच्या आत्याने, ती रांग बघितली आणि ती स्वयंपाकघरात शिरली.

तिथेही तोच प्रकार. टेबलावर एखाद्या लग्नघरात मांडावेत इतके कप.

"अरे, एवढे कप कशाला?"

"असू देत. कोणी अचानक आलं तर."

"अचानक कोण येणार आहे तुझ्याकडे? राजा?"

"असू देत म्हटलं ना," अप्पा म्हणाले. ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी उभे होते. नदीत उतरायच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट कोण घालतं, हे आपल्या भावाला विचारावं असं आत्याच्या ओठांवर आलं होतं. पण तिने बटाटे उकडायला ठेवले आणि पाव कापायला घेतला.

आत्याची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली. खोऱ्यातल्या साऱ्या माणसांची बोलणी तिच्या हातांनी जोडली गेली होती. कोण बोलताना कुठे अडखळतो यावरून तो काय लपवतोय, हे तिला बिनचूक कळायचं. लग्न तिने केलं नाही. एवढं सगळं ऐकल्यावर कोण करेल, असं ती हसत सांगायची.

नदी झाडणं हा या घराचाच शब्द. मोठ्या पुराच्या साली वाहून आलेले ओंडके पुलाच्या कमानीत अडकले, पाणी तुंबलं आणि अप्पांचा तरणाताठा काका त्यात गेला. त्या वर्षापासून अप्पांच्या वडिलांनी नेम केला. पाणी उतरलं की घरातल्या झाडून सगळ्यांनी जमायचं आणि वरच्या वळणापासून पुलापर्यंत नदी साफ करायची. पडलेली झाडं ओढून बाहेर काढायची, लव्हाळी कापायची, गोटे काठाला लावायचे. त्यांची नदी बघा, तळ दिसतो, असं लोक म्हणायचे. हळूहळू खोऱ्यातली बाकीची घरंही आपापला तुकडा झाडू लागली. एकेकाळी या घरातून पाण्यात उतरणाऱ्यांना जेवायला दोन पंगती लागत. आता टेबल पुरून उरत होतं.

थोरला ट्रक घेऊन आला. शहरात त्याचा मालवाहतुकीचा धंदा होता आणि घरी यायचं तरी तो एखादा ट्रकच घेऊन यायचा. मधली मुलगी बसने आली, खांद्यावर बाटल्यांची पेटी. ती खोऱ्याच्या पाणी तपासणी कार्यालयात होती. थोरला तिला नदीची डॉक्टरीणबाई म्हणायचा, आणि तिला ते आवडत नाही हे माहीत असल्यामुळे अगदी आठवणीने म्हणायचा.

चहा ओतायच्या आतच मधलीने तोंड उघडलं. "अप्पा, या वर्षी नदी झाडायची नाही."

"हे बरंय," थोरला म्हणाला. "आयता चहा प्यायचा आणि कामाच्या वेळी अंग चोरायचं."

"थट्टा करत नाहीये दादा. आपण साफ करतो म्हणतो, पण आपण नदीचं घर रिकामं करतोय. पाण्यात पडलेलं झाड म्हणजे कचरा नव्हे. त्याच्या आडोशाला पाणी थांबतं, खाली डोह पडतो, तिथे मासे अंडी घालतात. आपण सगळं ओढून काढतो आणि मग पाणी गटारासारखं सुसाट जातं, जाता जाता काठ खातं. खालच्या गावांमध्ये दर पावसात जमीन ढासळतेय. विहिरी आटल्यात. मी पुलाखालचं पाणी तपासते तेव्हा त्यात साधा किडा सापडत नाही."

"किडा नाही हे चांगलंच की."

"किडा नाही म्हणजे मासा नाही. मासा नाही म्हणजे खंड्या नाही. शेवटचा खंड्या कधी बघितलास तू इथे?"

थोरल्याने आठवून बघितलं. त्याला आठवेना.

"आणि पुलाचं काय?" अप्पांनी विचारलं. "माझा काका गेलाय तिथे."

"पुलाजवळचं काढायलाच हवं, अप्पा. ते आमची माणसं दर वर्षी काढतील. पण वळणावरचं आहे तसं ठेवायचं. आपलं बघून सगळं खोरं नदी झाडायला लागलं ना? मग आपण थांबलो तर ते थांबतील. मी ऑफिसातून सांगितलं तर कोण ऐकतंय? तुमचं ऐकतील."

"झालं तुझं?" थोरला म्हणाला. "आता माझं ऐका. मी यंत्र सांगितलंय. दुपारपर्यंत येईल. वळणापासून पुलापर्यंत तळ खरवडून काढेल, मग दोन्ही काठांना दगड बसवून घेऊ. एकदा केलं की कायमचं. परत कोणाला पाण्यात उतरायला नको."

"यंत्र घातलंस तर वळणावरचा डोह जाईल."

"आणि नाही घातलं तर अप्पा जातील."

गेल्या थंडीत अप्पा नदीकाठी घसरून पडले होते. पाय मोडून सकाळभर तिथेच पडून होते आणि दूधवाल्याला ओरडणं ऐकू आलं म्हणून वाचले.

"दूधवाल्याने फोन केला मला," थोरला म्हणाला. "दूधवाल्याने. शहरापासून इथवर गाडी कशी आणली ते माझं मला माहीत. तू तिथे किडे मोजत होतीस."

मधलीचा चेहरा उतरला. आत्याने मध्ये पडायचं म्हणून बटाट्यांचं पातेलं दाणकन टेबलावर ठेवलं.

"साखर घेतेस ना अजून?" अप्पांनी मधलीला विचारलं. त्यांनी आपल्या हातांनी चहा ओतला, चारच कप भरले. मग उरलेले कप उचलून एकेक करून फळीवर परत ठेवले. आत्या ते बघत राहिली. पोरं दोन टोकांना उभी राहून भांडत होती आणि आपण दोघं एकच बोलतोय हे दोघांनाही कळत नव्हतं.

*

ओंडके ओढायची साखळी अप्पांच्या कारखान्यात होती. कारखाना म्हणजे सुतारकामाची लांबट खोली. दारं, खिडक्या, शवपेट्या, पाळणे, खोऱ्यातलं सगळं लाकूडकाम इथून गेलेलं. थोरला आत शिरला आणि त्या वासाने त्याचं वय झर्रकन खाली आलं. लाकडाचा भुसा, सरस आणि मेण.

भिंतीशी जुने ओंडके रचलेले होते आणि प्रत्येकाच्या कापलेल्या टोकांवर पिवळट मेणाचा थर होता. लहानपणी ते काम त्याचं असायचं. अप्पा करवत चालवायचे आणि तो वितळलेल्या मेणाचं डबडं आणि कुंचला घेऊन उभा असायचा. टोक उघडं राहिलं की लाकूड वाळताना तडकतं, मग पुढे त्याचं काही होत नाही. कापलं की लावलंच पाहिजे. अप्पा एवढे शांत, पण मेण लावायचं राहिलेलं दिसलं तर थोबाडीत मारायलाही कमी केलं नव्हतं त्यांनी. एकदाच, पण अजून गाल आठवतो.

अप्पा त्याच्या मागून आत आले. पाय अजून नीट टेकत नव्हता, तरी काठी घ्यायची नाही.

"साखळी वरच्या खिळ्याला आहे."

"मिळाली." थोरल्याने ती खांद्यावर घेतली. "अप्पा, एक विचारू? थंडीत नदीवर काय करत होता तुम्ही?"

"बघायला गेलो होतो."

"काय बघायला?"

"नदी."

"नदी खिडकीतून दिसते."

अप्पांनी भिंतीवरची करवत काढली, फडक्याने पुसली आणि परत टांगली. ती आधीच चकचकीत होती. "यंत्राने झालं म्हणजे पुढच्या वर्षी काम उरणार नाही," ते म्हणाले.

"नाही उरणार. सुटलात तुम्ही. आम्हीही सुटलो."

"हो, ते खरंच. तुझ्या मुलांना तरी कुठे वेळ असतो. आणि सूनबाई बरी आहे ना?"

"बरी आहे," थोरला म्हणाला.

सूनबाई गेले कित्येक महिने तिच्या बहिणीकडे होती. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. मुलं परगावी शिकत होती. तो संध्याकाळी घरी यायचा, दिवा लावायचा आणि ओट्याशी उभ्यानेच जेवायचा, कारण एका माणसासाठी टेबल पुसायचं कशाला. एकटं पडलेल्या माणसाला रात्री काही झालं तर कोणाला कळेल, हा विचार त्याला पहिल्यांदा अप्पांबद्दल आला नव्हता, स्वतःबद्दल आला होता. तेवढं त्याने स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. सगळी काळजी त्याने अप्पांच्या पायावर आणून ठेवली होती आणि यंत्र सांगून मोकळा झाला होता.

"तुमच्या भल्यासाठीच चाललंय हे," तो म्हणाला.

"मला माहीत आहे रे," अप्पा म्हणाले. ते खरोखरच माहीत असल्यासारखे बोलले, आणि थोरल्याला उगाचच अपराधी वाटलं. दाराकडे जाताना कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेल्या कशाला तरी त्याचा पाय लागला. अप्पांनी पुढे होऊन ताडपत्री सारखी केली.

*

वळणाकडे जाणारी पायवाट आता उन्हात पडली होती. मधलीच्या लहानपणी या वाटेवर दुपारीसुद्धा अंधारल्यासारखं व्हायचं. वरचं रान तोडून विकलं गेलं त्याला बरीच वर्षं झाली होती आणि टेकडी बोडकी पडली होती. आत्या तिच्या बरोबर चालत होती, एक हात कमरेवर.

"दादाला समजावं म्हणून काय करू ग आत्या?"

"त्याला समजलंय. तुलाच समजलेलं नाही."

"म्हणजे?"

"तू म्हणतेस, झाडू नका. तो म्हणतो, एकदाच झाडून टाका. दोघांचा हिशेब एकच निघतो. पुढच्या वर्षीपासून यायला नको." आत्या दम खायला थांबली. "वर्षात हा एक दिवस तुम्ही येता. बाकी सगळं फोनवर. त्याचा फोन कसा असतो माहितीये ना तुला? बरा आहे, जेवलो, ठेवतो. लोकांचे फोन ऐकण्यात हयात गेली माझी, पण इतका लवकर ठेवणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. पोराबाळांचा वेळ मोडू नये म्हणून ठेवतो तो."

मधलीला राग आला, आत्याचा नव्हे, त्या वाक्याचा, कारण ते खरं होतं. नदी मरतेय हे ती दहा जणांसमोर उभी राहून सांगू शकत होती. अप्पा एकटे आहेत हे तिने कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"पण नदी खरंच मरतेय आत्या. मी अप्पांसाठी तिला मरू देऊ?"

"मी कुठे तसं म्हटलं?" आत्या म्हणाली. "आणि दुसरं सांगते. थंडीच्या दिवसांत सकाळी सकाळी तो हातगाडी घेऊन इकडे येतो. माझ्या खिडकीतून दिसतं."

"हातगाडी? कशाला?"

"विचारलं नाही. लाइन जोडून द्यायची, मध्ये बोलायचं नाही, अशी सवय लागलीय मला."

वळण आलं. मधलीने आत्याचा हात धरून तिला काठाशी नेलं. पाण्यात एक जाडजूड ओंडका आडवा पडला होता, त्याचं एक टोक काठाच्या चिखलात पाण्याखाली रुतलेलं. थंडीनंतरच्या पावसात पाण्याने त्याच्याखालची वाळू उकरून काढली होती आणि तिथे डोह झाला होता, गर्द हिरवा. बाकीची नदी उघड्या गोट्यांवरून खळखळत पळत होती. इथे मात्र पाणी जरा विसावत होतं.

"बघ," मधली हळूच म्हणाली. ओंडक्याच्या सावलीत बोटाच्या पेराएवढी माशांची पिल्लं होती, एवढी की पाणी थरथरल्यासारखं वाटत होतं. "मी ऑफिसात छातीठोकपणे सांगितलंय, आत्या. कोणी काही केलं नाही, नदीने स्वतःहून एक झाड घेतलं आणि एका पावसात एवढं झालं. सगळ्या खोऱ्यात हा एकच डोह आहे. इथून पिल्लं खाली जातील. हा गेला तर परत कशाने सुरुवात होणार?"

तेवढ्यात यंत्राची घरघर ऐकू आली. पिवळं धूड काठावरून डुलत डुलत आलं आणि वळणाच्या वर थांबलं. थोरला त्याच्या पुढे चालत होता, खांद्यावर साखळी. मागे बरंच अंतर ठेवून अप्पा.

"साहेब, आधी हा ओंडका काढायला लागेल," चालक वरून म्हणाला. "साखळी बांधून द्या, मी ओढतो."

मधली बुटांसकट डोहात उतरून ओंडक्यापुढे उभी राहिली.

"बाजूला हो," थोरला म्हणाला.

"उचलून बाजूला कर."

"लहानपणीसारखी करू नकोस."

"लहानपणी तू उचलायचास. आता उचलून दाखव. पोट बघ आधी आपलं."

चालक हसला आणि मग हसू नये असं वाटून त्याने तोंड फिरवलं. थोरल्याने तिच्याशी वाद घातला नाही. तो तिला वळसा घालून काठाच्या बाजूने पाण्यात उतरला आणि जिथे ओंडक्याचं टोक चिखलात रुतलं होतं तिथे गुडघ्यावर बसला. साखळी टोकाच्या खालून ओवायची म्हणून त्याने खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि चाचपू लागला.

"दादा, नको ना," मधली म्हणाली. आता तिच्या आवाजात भांडण उरलं नव्हतं. "मी तुला कधी काही मागितलेलं नाही. एवढं एक ऐक."

हात पाण्यात, गाल ओंडक्याला टेकलेला, असा थोरला बसून राहिला. साखळी ओवायला एवढा वेळ लागत नाही. त्याने मान वळवून अप्पांकडे बघितलं. अप्पा काठावर उभे होते, इस्त्रीच्या शर्टाची वरची गुंडी हाताने घट्ट धरून.

"सापडलं का टोक?" चालकाने विचारलं.

"सापडलं," थोरला म्हणाला. तो उठला. बाहीतून पाणी निथळत होतं. त्याने साखळी गोळा करून परत खांद्यावर टाकली. "यंत्र परत घेऊन जा."

"साहेब, एवढ्या लांबून आणलंय."

"मीच आणलंय, मीच सांगतोय. जा परत."

"दादा?" मधलीचा विश्वास बसेना.

"तूच शिकलीयेस ना त्यातलं? मग तू म्हणतेस तसं होऊ दे." तो तिच्याकडे न बघता काठावर चढला आणि अप्पांच्या शेजारून जाताना क्षणभर थांबला. अप्पांच्या दंडाला धरून त्याने त्यांना उतारावरून मागे घेतलं, पाय घसरू नये म्हणून.

यंत्र घरघरत निघून गेलं. मधली पाण्यातच उभी होती. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तिला काहीतरी हुकल्यासारखं वाटत होतं. ती थोरला बसला होता तिथे गुडघ्यावर बसली आणि तिनेही हात खाली घातला. चिखल, साल, आणि मग टोक. ते मोडलेलं नव्हतं. सपाट कापलेलं होतं. बोटांना गार, गुळगुळीत, किंचित चिकट लागलं. तिने नखाने खरवडलं आणि हात वर काढला. नखात पिवळट मेण होतं.

मग तिला सगळं एकदम कळलं. वरचं रान तुटल्यावर नदीत पडायला झाड उरलंच नव्हतं. तरी दर वर्षी झाडायच्या दिवशी काढायला दोनचार ओंडके सापडायचेच. ते येतात कुठून, हा प्रश्न तिला, नदीच्या डॉक्टरीणबाईंना, एकदाही पडला नव्हता, आणि गाळाने माखलेली त्यांची टोकं कोणी निरखून बघितली नव्हती. अप्पा थंडीत हातगाडीवरून ते आणून पाण्यात टाकत होते, म्हणजे पोरांना यायला कारण राहील. यंदाचा ओंडका त्यांना पेलला नाही. त्याच्याबरोबर ते पडले आणि तो भलतीकडेच, खोल जागी जाऊन अडकला. आणि चोरून नदीत टाकायच्या लाकडालासुद्धा त्यांनी टोकाला मेण लावलं होतं.

मधलीने ओंजळीने पाणी घेऊन तोंडावर मारलं. तोंड ओलंच ठेवून ती बराच वेळ तिथे बसून राहिली आणि काठावरून आत्याने तिला हाक मारली नाही.

*

दुपारभर सगळे पुलाजवळचा गाळ आणि फांद्या काढत होते. काम थोडं होतं, लवकर संपलं. अप्पांना ते लांबवायचं होतं, म्हणून एकच फांदी त्यांनी दोनदा जागा बदलून ठेवली. पोरं भांडत नव्हती. उलट एकमेकांना जरा जास्तच सांभाळून घेत होती, आणि त्यामुळे अप्पांना अस्वस्थ वाटत होतं. आजारी माणसाच्या उशाशी लोक असे वागतात.

डोह वाचला हे चांगलं झालं. त्यांनाही ती पिल्लं आवडायची. पाय जरा बरा झाल्यावर ते रोज बघायला जात आणि एकदा तर पावाचा चुरा घेऊन गेले होते. पण आता नदी झाडायची नाही म्हणजे नाही. पुढच्या वर्षी काय सांगून बोलवायचं? पाय दुखतो म्हणून? मग थोरला त्यांना शहरात घेऊन जाईल. काही कारण नाही, नुसतेच या, असं म्हणता आलं असतं. ते कसं म्हणतात हे त्यांना कधी जमलं नव्हतं.

ऊन कलल्यावर थोरल्याने ट्रक वळवून घेतला. मधली त्याच्याबरोबर बसस्थानकापर्यंत जाणार होती. आत्या आपल्या घरी जायला निघाली होती, पण फाटकाशी घुटमळत होती. जोडलेली लाइन पूर्ण लागल्याशिवाय तिला कानावरचा फोन काढता येत नसे.

"अप्पा," मधली म्हणाली, "वळणाच्या वर अजून ओंडके टाकायला हवेत. मोठे, काठाला अडकवून, म्हणजे पुलाकडे वाहत जाणार नाहीत. एका डोहाने भागायचं नाही. बोडक्या टेकडीवर रोपंही लावायला हवीत. दर वर्षीचं काम आहे."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. "म्हणजे काढायचे नाहीत, टाकायचे?"

"टाकायचे."

"टाकायचे," अप्पा पुन्हा म्हणाले. त्यांनी हात खिशात घातले, काढले. "कधी?"

"थंडीत," थोरला ट्रकमधून म्हणाला. "पाणी वाढायच्या आत. मी येतो. तोवर हातगाडीला हात लावायचा नाही."

"तुझे ट्रक असतात, माणसं असतात. तुला कसं जमेल?"

"ट्रक काही पळून जात नाहीत." थोरल्याने गाडी चालू केली, मग गियर न टाकता तसाच बसून राहिला. "ही घरी नाहीये अप्पा. बहिणीकडे असते. बरेच दिवस झाले. फोनवर सांगणार होतो."

"मी लवकर ठेवतो," अप्पा म्हणाले.

"हो. ठेवू नका इतक्या लवकर."

अप्पांनी ट्रकच्या दारावर हात ठेवला, थोपटल्यासारखा. थोरल्याने गियर टाकला. ट्रक हातभर सरकला आणि पुन्हा थांबला. खिडकीतून डोकं बाहेर काढून, समोर रस्त्याकडेच बघत, तो म्हणाला, "आणि मेण लावत जाऊ नका. पाण्यात लाकूड तडकत नाही."

ट्रक गेला. आत्या फाटकाशी उभी होती. तिने अप्पांच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि मग ती रस्त्याला लागली.

अप्पा अंगणात बराच वेळ उभे होते. त्यांना लाज वाटत होती, भयंकर लाज, आणि तिच्या खाली कुठेतरी इतकं हलकं वाटत होतं की पाय दुखतोय हेही कळत नव्हतं. त्यांनी ओले बूट धुतले आणि रांगेत ठेवले. थोरल्याचे, मधलीचे, आत्याचे, स्वतःचे. कोरडे बूटही उगाच एकदा पुसले. मग ते कारखान्यात गेले, दिवा लावला आणि कोपऱ्यातली ताडपत्री बाजूला केली.

पुढच्या वर्षीचा ओंडका तयार होता. दोन्ही टोकांना मेण, एकसारखं, कुंचल्याचा एकही ओघळ नाही. त्यांनी स्टूल ओढलं, पटाशी घेतली आणि एका टोकाचं मेण खरवडायला लागले. पातळ पिवळे कपचे त्यांच्या मांडीवर पडू लागले. अर्धं टोक उघडं झालं तेव्हा त्यांचा हात थांबला.

घर शांत होतं. नळ ठिबकत होता, तो बंद करायला हवा होता. थंडीला अजून बरेच महिने होते.

त्यांनी पटाशी पुसून जागेवर ठेवली. उरलेलं मेण त्यांनी तसंच राहू दिलं. थोरला आला की काढेल, आल्या आल्या त्याच्या हाताला काहीतरी काम हवं.